उत्क्रांती घडताना कुणी पाहिली आहे का, की सगळे सांगाडे बघून बांधलेले अंदाज?

पाहिली आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळपासून जळगावपर्यंत ज्यांच्या शेतात कपाशी होती, त्या सगळ्यांनी पाहिली आहे. जीवाश्मांवर इतर लोक लिहितीलच. मी गुलाबी बोंडअळीबद्दल लिहितो, कारण त्यावरून माझा आणि काकांचा वाद अजून मिटलेला नाही.

बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यामुळे झाडातच अळीचं विष तयार होणारा कापूस, 2002 ला आला. तो एका जनुकाचा, बीजी-1; दोन जनुकांचं बीजी-2 2006 ला. बोंड कुरतडलं की विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटतं आणि अळी मरते. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी सरकीचं छोटं पाकीट यायचं, कडेनं लावायला. काका ते सरळ उकिरड्यावर टाकायचे. "अळ्या पोसायला पेरू का?" मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होतो. एका वर्षी मी ते पाकीट उचलून आणलं आणि धुऱ्याच्या बाजूनं ओळी लावल्या. डवरणीच्या वेळी काकांनी त्या मोडून टाकल्या. त्या दिवशी घरात जे भांडण झालं, ते आईला अजून आठवतं.

त्या ओळी कशासाठी होत्या ते सांगतो, कारण नैसर्गिक निवड कशी चालते ते त्यातूनच कळतं. लाखो अळ्यांत एखादीचं ते प्रथिन जन्मतःच वेगळं असतं, तिला विष चिकटत नाही. अशा अळ्या बीटीच्या आधीही होत्या, पण त्या वेगळेपणाचा त्यांना काही उपयोग नव्हता. बीटीच्या शेतात बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या. हा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. नॉन-बीटी ओळींतून साधे पतंग निघाले असते, तर वाचलेल्यांची जोडी बहुतेक त्यांच्याशी जुळली असती आणि पिल्लं बीटीवर मेली असती. ओळीच नाहीत म्हटल्यावर वाचलेल्याची गाठ वाचलेल्याशीच पडणार. वर फरदड, म्हणजे हंगाम संपला तरी पऱ्हाटी उभी आणि अळीच्या आणखी पिढ्या. गुजरातेत बीजी-1 ला दाद न देणारी अळी 2010 पर्यंत नोंदली गेली होती. 2017 ला आपल्याकडे बीजी-2 ही कोलमडलं. डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्यानं न उमललेली फुलं, आतून किडलेली बोंडं, वेचणीला नुसती कवडी, म्हणजे खराब कापूस.

आणि त्याच हंगामात, 2018 च्या जानेवारीत, औरंगाबादेत एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे. मला त्याचा संताप आला होता, अजून येतो.

काका म्हणतात, दारुड्याला दारूची होते तशी अळीला औषधाची सवय झाली. साफ चूक. एकाही अळीला सवय झाली नाही. जिला विष लागू पडायचं ती मेली, तिला सवय व्हायला वेळच मिळाला नाही. बदलली ती शेतातली अळ्यांची वस्ती, पिढीमागून पिढी. उत्क्रांतीवर शंका घेणाऱ्या बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

पुरावा हवा तर ॲरिझोना बघा. कीड हीच, बीटी कापूस 1996 पासून, पण तिथल्या शेतकऱ्यांनी पहिली दहा वर्षं नॉन-बीटी कपाशी नेमानं लावली. अळी विषाला बळी पडत राहिली. पुढे उरलेल्यांची जोडी जुळली तरी पिल्लं होऊ नयेत म्हणून वांझ पतंग सोडले, आणि 2018 मध्ये अमेरिकेनं आपल्या कापसातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. तिथल्या प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेल्या प्रतिकारक अळ्या आणि भारतातल्या शेतातल्या अळ्या तपासल्या, तेव्हा दोन्हीकडे बिघाड विष ज्याला चिकटतं त्या आतड्यातल्या प्रथिनाच्या, म्हणजे कॅडहेरिनच्याच जनुकात निघाला, मात्र वेगवेगळ्या प्रकारचा. म्हणजे दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे आला.

हे खरं, की यात नवी जात निर्माण झाली नाही. माणूस आणि वानरांच्या नात्याचा पुरावा वेगळा आहे, तो इथे मांडलेला नाही. आणि दोष एकट्या शेतकऱ्याचाही नाही. अळीला जास्त काळ खाद्य देणारे लांब मुदतीचे वाण कंपन्यांनीच विकले, नॉन-बीटी पाकिटातलं बियाणं कित्येकदा निकृष्ट असायचं, आणि दोन एकरवाल्यानं पाचवा हिस्सा अळीला सोडावा हे सांगणं सोपं नाही.

काकांचा शेवटचा मुद्दा असतो की बियाणंच बोगस. बोगस असतं तर त्याच झाडावरची हिरवी बोंडअळी का मरते? ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळं खाते, त्यामुळे बीटी न खाल्लेले तिचे पतंग शिवारात भरपूर असतात. गुलाबी अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते, आणि तिच्यासाठी ठेवलेली कपाशी आम्ही मोडून टाकली.