कॉस ६० ची किंमत ०.५ ऐवजी −०.९५२४ का येते?

कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही आणि एक्सेलही चुकत नाही. तुम्ही ६० अंश म्हणताय, ते दोघं ६० रेडियन धरतायत. १ रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. म्हणून ६० रेडियन म्हणजे वर्तुळाचे पूर्ण ९ फेरे आणि वर साधारण १९७.७५ अंश. हा कोन तिसऱ्या चरणात पडतो, तिथे कॉस ऋण असतो, आणि किंमत येते −०.९५२४.

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वरच्या बाजूला डी, आर किंवा जी यांपैकी एक अक्षर बारीक दिसतं. आर असेल तर मोड किंवा सेटअपमध्ये जाऊन डी करा. जी म्हणजे ग्रेडियन, त्यात काटकोनाचे १०० भाग असतात. कॉस ६० ला ०.५८७८ आलं तर तुम्ही तिथे अडकलात असं समजा. तपासणी कॉस ० ने करू नका, तो तिन्ही मोडमध्ये १ च येतो. मोबाइलवर आणखी एक घोळ: काही अ‍ॅपमध्ये बटणावर सध्याचं एकक नसतं, दाबल्यावर येणारं असतं. तिथे बटण वाचत बसण्यापेक्षा कॉस ६० काढून बघणं बरं.

एक्सेलमध्ये असा मोडच नाही. कॉसच्या कंसात ६० थेट टाकू नका. आधी रेडियन्स फंक्शनमधून काढा किंवा पायने गुणून १८० ने भागा. पायथन आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषांनाही रेडियनच लागतात. उलटा कॉस (म्हणजे किमतीवरून कोन) काढतानाही तेच: ०.५ दिल्यावर १.०४७२ मिळेल, त्याचे अंश केले की ६०. (आणि कॉसच्या डोक्यावरचा −१ म्हणजे व्यस्त फल, १ भागिले कॉस नव्हे. ६० अंशांसाठी १ भागिले कॉस म्हणजे २.)

एकक नीट केल्यावरही पायथनमध्ये कॉस ९० अंश बरोबर शून्य येत नाही, ६.१२ गुणिले १० चा −१७ वा घात असं काहीतरी येतं. पायची किंमत संगणकात ठरावीक अंकांपर्यंतच साठवता येते, त्यातून उरलेली ही बारीक चूक. म्हणून प्रोग्रॅममध्ये 'उत्तर शून्याइतकंच आहे का' असं विचारू नका, 'शून्याच्या पुरेसं जवळ आहे का' असं विचारा.

कोन लहान असेल तर कॉसवरून तो काढायचं शक्यतो टाळाच. शून्याजवळ कॉसचा आलेख जवळजवळ सपाट असतो: कॉस १° = ०.९९९८५. तीन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन केलं की सुमारे १.८ अंशांखालचा प्रत्येक कोन १.००० होतो आणि उलटा कॉस सरळ ० दाखवतो. काटकोन त्रिकोण असेल तर अशा वेळी समोरची बाजू घेऊन साइन किंवा टॅन वापरा. कॉसचा नियमच (त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून भागाकार करून कोन काढायचं सूत्र) वापरावा लागला, तर मधल्या पायरीत पूर्णांकन करू नका. तो भागाकार १ च्या किंचित वर गेला तरी उलटा कॉस थेट एरर देतो.