मागणी कुणाच्या दारात न्यायची?

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा मोहिमेचा आराखडा, दोन्ही वाचले. बीटीएस या कोरियन पॉप गटाच्या सात जणांपैकी एकाने तरी प्लास्टिकविरुद्ध तीस सेकंदांचा व्हिडिओ करावा, आणि त्यासाठी तू एक लाख सह्या गोळा करणार. सह्या तू करशील, याबद्दल मला शंका नाही. तुम्ही आर्मीवाल्या, म्हणजे बीटीएसच्या चाहत्या मुली मनात आणाल तर काय कराल, सांगता येत नाही. पण समजा, व्हिडिओ आला. पुढे? कोट्यवधी लोक तो बघतील, बदाम टाकतील आणि त्याच आठवड्यात नव्या अल्बमच्या चार-चार प्रती मागवतील. कारण कोणत्या पाकिटात कुणाचं फोटोकार्ड निघेल, हे फोडल्याशिवाय कळत नाही.

गायकाला साकडं घालू नकोस, एवढंच आधी सांगते. तो करारांनी बांधलेला असतो आणि त्याच्या तोंडचं वाक्य दहा जणांनी तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. तुझ्या हातात जे आहे ते गायकाकडे नाहीच. ते चाहत्यांकडे आहे. एका रात्रीत एखादा मजकूर पंधरा भाषांत नेणारी माणसं, वर्गणी काढून पै-पैचा हिशेब जाहीर मांडणाऱ्या मुली, अमुक वाजता सगळ्यांनी अमुक करायचं म्हटलं की खरंच ते करणारी शिस्त. पर्यावरणाच्या कामात आमची हयात गेली, पण सभेला वेळेवर वीस माणसं जमवताना अजून नाकी नऊ येतात.

तुझ्याच वाटेवरून आधी गेलेल्यांचं काम नीट बघ. इंडोनेशियातल्या नुरुल सारिफा या तरुणीने २०२१ मध्ये ‘केपॉपफोरप्लॅनेट’ सुरू केलं. ही सगळी चाहतेच. त्यांच्या दोन मोहिमा शेजारी शेजारी ठेवून बघ, कारण एक फसली आणि दुसरीत हवं ते घडलं.

पहिली समुद्रकिनाऱ्याची. बीटीएसच्या ‘बटर’ या गाण्याचे फोटो कोरियातल्या सामचोक इथल्या मेंगबांग किनाऱ्यावर काढले होते. तुझ्या मोबाइलच्या पडद्यावरही त्यातलाच एखादा असेल. त्याच किनाऱ्याजवळ २,१०० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प उभा राहत होता, आणि त्याच्यासाठी समुद्रात चाललेल्या बांधकामापायी किनाऱ्याची वाळू खचत असल्याची तक्रार स्थानिक लोक करत होते. चाहत्यांनी ‘बटर बीच वाचवा’ म्हणून हाक दिली. जगभर बातम्या झाल्या. प्रकल्प थांबला नाही. २०२४ मध्ये त्याचा पहिला संच सुरू झाला.

दुसरी मोहीम ॲल्युमिनियमची. ऐकायला किती रुक्ष! ह्युंदाईने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडोनेशियातल्या अदारो या कोळसा गटाच्या कंपनीशी ॲल्युमिनियमसाठी सामंजस्य करार केला. कारखाना उत्तर कालिमंतानमध्ये, आणि तिथली वीज कोळशाची. एक किलो ॲल्युमिनियम तयार करायला चौदा-पंधरा युनिट वीज लागते, म्हणजे वीज कोळशाची असली तर धातूही काळाच. इकडे हीच ह्युंदाई बीटीएसला घेऊन हायड्रोजनच्या आणि विजेच्या गाड्यांच्या हिरव्यागार जाहिराती करत होती. चाहत्यांनी २०२३ मध्ये नेमकी ही गाठ पकडली. दहा हजारांहून अधिक जणांनी सह्या केल्या. सह्या गायकांसाठी नव्हत्या, कंपनीला होत्या: तुमच्या जाहिरातीत आमची माणसं आहेत, तेव्हा हा कोळसा सोडा. एप्रिल २०२४ मध्ये तो करार आता उरला नसल्याची बातमी आली. चाहत्यांच्या दबावामुळे असं कंपनीने म्हटलं नाही. कुठलीच कंपनी तसं म्हणत नसते. शंभर टक्के श्रेय घ्यायला तूही जाऊ नकोस.

माणसं तीच, मेहनतही तशीच. मग असं का व्हावं? मला दिसतं ते असं. वीजप्रकल्पात पैसा ओतून झाला होता, आणि त्याच्या मालकांना विशीतल्या मुलींना काहीच विकायचं नव्हतं. त्या रुसल्या काय, हसल्या काय. ह्युंदाईला मात्र याच मुली उद्या गाडी घेणार आहेत याची पुरेपूर जाणीव होती, त्यासाठीच तर बीटीएसला आणलं होतं. शिवाय करार कच्चा होता, मोडायला सोपा होता. तेव्हा मागणी लिहायला बसण्याआधी एकच गोष्ट शोधून काढ: आपलं मन राखण्याची गरज नेमकी कुणाला आहे, आणि त्याने अजून कशावर पक्की सही केलेली नाही.

हेच अल्बमचं. कोरियाच्या पर्यावरण मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे तिथल्या संगीत कंपन्यांनी २०१७ मध्ये सुमारे ५६ टन प्लास्टिक वापरलं, २०२२ मध्ये ८०० टनांवर. सीडी वाजवायचं यंत्र ज्यांच्या घरात नाही अशा लोकांना सीडी विकून! चाहत्यांनी नको असलेले अल्बम गोळा केले आणि कंपन्यांना साभार परत केले. ही मंडळी चाहतेपण सोडून गेली नाहीत, हे लक्षात घे. आम्ही तुमचं गाणं विकत घेतो, कचरा घेत नाही, असं घरच्या माणसाच्या हक्काने सांगितलं. २०२२ मध्ये बीटीएसमधल्या जे-होपचा अल्बम सीडीशिवाय, नुसत्या कार्डावरच्या क्यूआर कोडने निघाला. फोटोकार्डांचा सोस तेवढ्याने संपला नाही, पण वेगळं काही करता येतं हे दिसलं.

आता तुझ्या पत्रातला दुसरा बेत: आपणच एक रॅप करून व्हायरल करू. करा. पण सोफिया अश्रफचं कोडाईकनालवरचं २०१५ चं रॅप तू उदाहरण म्हणून दिलं आहेस, त्याची मागची बाजू बघ. हिंदुस्तान युनिलिव्हरचा तिथला थर्मामीटरचा कारखाना, पाऱ्याने दूषित झालेली काच भंगारात सापडल्यावर, २००१ मध्ये बंद झाला. तेव्हापासून माजी कामगार लढत होते. आजारपणं, कागदपत्रं, न्यायालय. गाणं आलं ते चौदा वर्षांनी. लाखो लोकांनी पाहिलं, आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. गाण्याने मोठा धक्का दिला यात वाद नाही. पण धक्का द्यायला गाडी रुळावर होती, ती कामगारांनी आणून ठेवली होती. आणि समझोता झाला तरी मातीतल्या पाऱ्याचा प्रश्न लगेच सुटला नाही, हेही तुझ्या टिपणात लिही.

आपल्याकडे स्वदेसी या मुंबईच्या रॅप गटाने २०१९ मध्ये आरेवर गाणं केलं, त्यात आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर स्वतः गायले. मला ते फार मोलाचं वाटतं. आदिवासी माणूस व्हिडिओच्या कडेला नाचताना दाखवायचा आणि शब्द शहरातल्यांनी म्हणायचे, असं तिथे झालं नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली. गाणं असूनही झाली. म्हणून गाण्याकडून सगळं मागू नये.

मग तू करायचं काय? तुझ्या गावाजवळचं काही धर. मुंबई-पुण्यात आता मोठमोठे कार्यक्रम होतात. गेटवर काय होतं ते तू पाहिलंच असशील: तपासणीच्या टेबलाशेजारी काढून घेतलेल्या स्टीलच्या बाटल्यांचा ढीग, कुणाच्या बाटलीवर शाळेच्या वेळचं नाव अजून चिकटलेलं, आणि आत घोटभर पाण्याची प्लास्टिकची बाटली अव्वाच्या सव्वा भावाने. कार्यक्रम संपला की पायाखाली त्यांचाच चुरा. इथे मागणी कर: रिकामी बाटली आत नेऊ द्या आणि आत भरून घ्यायची फुकट सोय करा. अमेरिकेत रिव्हर्ब नावाची संस्था २००४ पासून हेच करते. तिच्या संस्थापकांपैकी एक जण गस्टर या बँडचा गिटारवादक आहे, त्यामुळे स्टेजच्या मागे काय चालतं ते तिला आतून ठाऊक. कलाकाराच्या करारासोबत अटींची एक यादी जाते, तिला रायडर म्हणतात. जेवणात काय हवं, खोलीत काय हवं, सगळं त्यात. पाण्याची सोय त्यात एकदा लिहिली गेली की आयोजकाला करावीच लागते. कलाकाराकडे काही मागायचंच असेल तर व्हिडिओ नको, ही एक ओळ माग.

तिकिटं आधी मिळावीत म्हणून जी बँक आपलं कार्ड घ्यायला लावते, तिलाही पत्र गेलं पाहिजे. तुम्ही मुली तिच्या दृष्टीने पुढची तीस वर्षं आहात.

प्रवासाचाही विचार कर. कोल्डप्लेने २०१६-१७ च्या दौऱ्याच्या मानाने प्रत्येक कार्यक्रमामागचं उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटवल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. काम खरंच मोठं आहे, पण तो आकडा मंच, सामान आणि त्यांच्या स्वतःच्या प्रवासाचा. बघायला येणाऱ्यांचा प्रवास त्यात नाही. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडने ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिस्टलला कार्यक्रम केला तेव्हा स्थानिकांना तिकिटं आधी दिली आणि लोकांनी रेल्वेने यावं अशी आखणी केली. आपल्याकडे डी. वाय. पाटील स्टेडियमपासून नेरूळ स्टेशन चालत जाण्यासारखं आहे. कार्यक्रम सुटल्यावर ठाण्याला आणि पनवेलला जाणारी गाडी मिळेल का, एवढीच बहुतेकांना धास्ती असते. ती गाडी मिळवून देणं हे पर्यावरणाचंच काम आहे, दिसायला दिसत नाही इतकंच.

एक सावधगिरी. मोहीम चालली की कुणीतरी कंपनी टी-शर्ट आणि पैसे घेऊन येईल. कोल्डप्लेने नेस्ते या इंधन कंपनीशी हातमिळवणी केली, तेव्हा २०२२ मध्ये पर्यावरणवाल्यांनीच त्यांना धारेवर धरलं होतं. तुमच्याकडे त्यांच्याइतके वकील नाहीत. पैसे तुमच्या वर्गणीचेच ठेवा. आणि वाढदिवसाला झाडं लावायची असतील तर पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचं नाव आधी ठरवा.

आराखड्याची पहिली दोन पानं काढून टाक. तिसऱ्या पानावर बाटल्यांबद्दल तू तीनच ओळी लिहिल्या आहेस, तिथून सुरुवात कर. आयोजकाला, बँकेला आणि स्टेडियमला अशी तीन वेगळी पत्रं लिही, मराठीत आणि इंग्रजीत, प्रत्येकी एका पानाच्या आत. भाषांतर तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीकडे दे, तिचा हात चांगला आहे. परीक्षा आटोपली की मसुदे पाठव. मी लाल पेन काढून ठेवते.

तुझी,
ताई