सातबारा येतो म्हणून सातबाराच करत बसू नकोस

अगं, तुझा भलामोठा मेसेज परवाच वाचला, पण एका डीलचं क्लोजिंग चालू होतं, म्हणून आज रविवारी निवांत लिहितेय. लोअर परळच्या लॉ फर्ममध्ये थेट असोसिएट, झकास झालं! आता ती तुझी धाकधूक, की सगळे नॅशनल लॉ स्कूलचे, फाडफाड इंग्लिश बोलणारे आणि आपण दहावीपर्यंत मराठी मीडियम. पहिल्या वर्षी तुझं भाषण ऐकायला कुणाला वेळ नाहीये गं. तुझं काम वाचायचं. डेटा रूम, म्हणजे डीलच्या कागदांचं ऑनलाइन फोल्डर, उघडायची, त्यात समोरच्या पार्टीने ढकललेल्या शेकडो पीडीएफ, अर्ध्या वाकड्या स्कॅन केलेल्या, आणि त्या वाचून आपल्या क्लायंटला सांगायचं की बाबा रे, इथे इथे घोळ आहे.

आणि इथेच तुझी बाजू भक्कम आहे. समजा सोलर प्रोजेक्टसाठी सोलापूरकडची जमीन लीजवर घ्यायचीये. सातबारे, फेरफार गठ्ठ्याने येतात, बाकीचे इंग्लिश ट्रान्सलेशनची वाट बघत बसतात, तू मूळ कागदच उघड. भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का बघ, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीचा प्रश्न आला. इतर हक्कात कुळ कायदा कलम ४३ चा शेरा आहे का बघ, म्हणजे तिथेही परवानगीशिवाय व्यवहार नाही. आणि माझा आवडता प्रकार म्हणजे बहिणींची नावं. वडील गेल्यावर वारस फेरफारात तिघी बहिणी लागलेल्या असतात, पुढच्या एका फेरफारात गायब, मग कारण वाचायचं, हक्कसोडपत्र रजिस्टर झालंय की तलाठ्याकडे नुसता अर्ज देऊन नावं कमी केलीत? नुसता अर्ज असेल तर त्या बहिणी उद्या उभ्या राहू शकतात. ट्रान्सलेशनमध्ये हे सगळं एका ओळीत 'नोंद मंजूर' होऊन जातं. तू हे पार्टनरला दोन ओळीत लिहून दिलंस की पुढच्या डीलला तुझं नाव निघणारच.

पण गोम इथेच आहे. बघता बघता तू 'ती सातबारावाली' होतेस. महाराष्ट्रातली कुठलीही जमीन आली की तुझ्याकडे, दुसऱ्या टीमचे लोक पण येता जाता 'अगं पाच मिनिटं बघ ना' करत कागद टाकून जातात, तुला बरं वाटतं, आपली गरज आहे म्हणून, आणि तेवढ्यात तुझ्याच बॅचची पोरं शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंट ड्राफ्ट करायला शिकलेली असतात. दोन-तीन वर्षांनी अप्रेझलला ऐकायला येतं की ड्राफ्टिंगचा अनुभव कमी पडतोय. असे हुशार लोक अडकलेले मी बघितलेत, आणि सगळे कामाला वाघ होते.

म्हणून काम घेतानाच सौदा कर. टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीची तपासणी) मी करते, पण लीज डीडचा पहिला ड्राफ्टही मलाच द्या. यात उद्धटपणा काही नाही, कारण बहिणींचा घोळ जिने शोधला तिलाच नीट लिहिता येतं की हक्कसोडपत्र रजिस्टर झाल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत, आणि तरी दावा आलाच तर नुकसान कोण भरणार. ते कंडिशन प्रीसिडंट (आधी पुरी व्हायची अट) आणि इन्डेम्निटीचं (भरपाईचं) कलम तू लिही, भले पार्टनर सगळं लाल करून परत देऊ दे. काय बदललं ते ट्रॅक चेंजेसमध्ये एकेक करून वाच, नुसतं अ‍ॅक्सेप्ट ऑल करू नकोस प्लीज. आणि त्या 'पाच मिनिटं'वाल्यांना सरळ सांग, माझ्या पार्टनरला मेल टाका आणि मॅटर कोड द्या.

मॅटर कोड म्हणजे त्या कामाचा नंबर, तो टाइमशीटमध्ये लागतो, कुठल्या कामाला किती वेळ गेला त्याची नोंद. बऱ्याच ठिकाणी सहा सहा मिनिटांचे तुकडे असतात, रोजच्या रोज भर, शुक्रवारी आठवून भरलेलं कळतं. 'कागदपत्रे पाहिली' एवढंच लिहिलंस तर क्लायंट बिलावर बोट ठेवतो, कुठल्या गटाचे फेरफार वाचले ते लिही.

बाकी थोडक्यात. लिस्टेड कंपनीचं काम असेल तर सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम तुलाही लागू, म्हणून डीलला टोपणनावं असतात, विरार फास्टमध्ये फोनवर कंपनीचं नाव नाही, आणि शेअर्सची हौस असलेल्या मामालाही नाही. पैसे बहुतेक पगार म्हणून नाही तर प्रोफेशनल फी म्हणून येतील, १० टक्के टीडीएस कापून, पीएफ नाही, तेव्हा टॅक्सचे पैसे बाजूला ठेवत जा. सनद (वकिलीचं लायसन्स) आधी काढ. ३० जुलै २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे बार कौन्सिलला जनरल कॅटेगरीकडून नोंदणी फी ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही. ऑल इंडिया बार एक्झाम सनदेनंतर दोन वर्षांत पास व्हावी लागते, ती पहिल्याच झटक्यात उरकून टाक, नंतर सुट्टी मागायला जीव नको होतो.

हो, आणि तिथे पार्टनरलाही नावाने हाक मारतात. पहिले काही दिवस जीभ रेटत नाही (मी अजून एकांना सरच म्हणते, त्यांनी नाद सोडलाय).

ऑफर लेटरवर सही केली नसशील तर थांब, नोटीस पिरियडचं कलम फोटो काढून पाठव, मी आज रात्री बघते.