उत्तर: गाळा घ्यावा की नाही, आठ महिने ठरत नाही

ताई, कराडला गाळा आणि साडेसात एचपीचा पल्व्हरायझर (मिरची-मसाला दळायचं मशीन) घ्यावा की बाहेरूनच मिरची कांडून आणावी, हे आठ महिने ठरत नाहीये, त्यात घरी फ्लॅटचाही विषय लोंबकळतोय, ही तुमची पोस्ट वाचली. हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. फायद्या-तोट्यांची यादी तुम्ही केलीच असणार, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. 'स्वभावच असा आहे' या तुमच्या वाक्यावर मात्र माझा विश्वास नाही. खाली लिहिलंय ते माझं मत आहे, मी सीए किंवा वकील नाही. आकडे तुमच्या पोस्टमधलेच आहेत.

पहिली गोष्ट, तुम्ही दोन निर्णयांची एक मोट बांधली आहे. मशीन घ्यायचं का, हा एक प्रश्न. गाळा वर्षभर घ्यायचा का, हा दुसरा. वेगळे करून हिशोब मांडा. बाहेर कांडपाला किलोला २८ रुपये जातात, हंगामाला तुमचा माल ४,००० किलो. स्वतःच्या मशीनवर वीज, मजुरी, जाळ्या धरून १० रुपये लागतील असं तुम्ही म्हणता, म्हणजे किलोमागे १८ वाचले, एकूण ७२,०००. गाळ्याचं भाडं ९,००० प्रमाणे ११ महिन्यांचं ९९,०००. म्हणजे फक्त स्वतःच्या मालावर २७,००० तोटा. बाहेरच्या मालावरही किलोमागे तेच १८ सुटतील असं धरलं, तर तो भरायला बाहेरचं १,५०० किलो कांडप लागेल. १,४०,००० चं मशीन १० वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला १४,००० ची झीज, त्यासाठी आणखी ८०० किलो. घरटी ५ किलो मिरची धरली तर ४६० घरं झाली. कर्जाचं व्याज यात नाही.

आता मालकाला विचारा, जानेवारी ते मे, पाच महिनेच देतोस का? महिना १०,५०० मागितले तरी ५२,५०० होतात. बाहेरचं एकही गिऱ्हाईक न येता, झीज वजा करून थोडेफार हातात राहतात. हा पर्याय तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. 'घ्यावा की नको' या दोनच शब्दांत अडकलं की असं होतं.

मग परत फिरायचं ठरलं तर किती जातील ते काढा. ११ महिन्यांच्या करारात लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही) सहा महिन्यांचा असेल तर ५४,०००, मशीन विकताना ९०,००० आले तर ५०,००० ची घट, वायरिंगचे २०,०००. झाले १,२४,०००. हा आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवा. तेवढे गेले तरी घर चालणार असेल, तर हा निर्णय महिनाभरात व्हायला हवा, आठ महिने चघळायचा नाही. नसेल चालणार तर नाही म्हणा, तोही निर्णयच आहे.

वर्षभराच्या गाळ्याचाच हट्ट असेल तर अट आधी ठरवा आणि तारीख टाकून वहीत लिहा. उदाहरणार्थ, ३१ डिसेंबरपर्यंत १५० घरांनी १०० रुपये टोकन दिलं तर गाळा, नाहीतर यंदा पाचच महिने. १५० हा माझा अंदाज आहे, कारण सगळी गिऱ्हाईकं आधी पैसे देत नाहीत. 'नक्की येऊ हं' म्हणणारी घरं मोजू नका. आणि १४० आले म्हणून ऐनवेळी अट सैल करू नका, इथेच बहुतेकांचं गाडं फसतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. तुमच्या पोस्टमध्ये 'बँकेचं उत्तर आलं की ठरवू' हे तीनदा आलंय. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. एका शाखेने, नाव घेत नाही, अख्खा मिरचीचा हंगाम खाल्ला. नाही कधी म्हटलंच नाही. आज साहेब रजेवर, उद्या व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा) यायचाय, परवा 'अजून एक कागद'. सरळ नकार आला असता तर माणूस दुसरीकडे गेला असता. 'बघू' म्हणणाऱ्या टेबलावर आपला निर्णय ठेवायचा आणि वर स्वतःलाच धरसोड म्हणवून घ्यायचं, हा कुठला न्याय?

म्हणून अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी एकदाच लेखी मागा, ईमेलवर मिळाली तर उत्तम. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची व्यापारी बँकांना सूचना आहे. शाखेत हे शांतपणे, अर्जाच्या तारखेसह बोला, आवाज चढवून काही होत नाही. तरी हललं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार दिरंगाईची करा. 'कर्ज का दिलं नाही' अशी केलीत तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून बाजूला पडते. पतसंस्थेतून घेणार असाल तर यातलं काहीच लागू नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी अर्ज चालतो, सहा ठिकाणी नको, प्रत्येक चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसते.

तोवर गाळ्याचं टोकन द्यायचं झालं तर पावतीवर 'अमुक तारखेपर्यंत कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत' हे लिहून घ्या. मालक लिहून देत नसेल तर टोकन देऊ नका, इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. करार नोंदवूनच घ्या, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. लॉक-इन दोन्ही बाजूंना लागू आहे का तेही वाचा. नाहीतर तुम्ही अडकता आणि तो ऐन एप्रिलमध्ये 'गाळा खाली करा' म्हणायला मोकळा.

जाता जाता, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्याचे दोन हजार मागणारे एजंट आहेत, त्यांना नमस्कार करून पुढे चला.

फ्लॅटबद्दल थोडक्यात. तुम्ही आणि मिस्टर, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर फक्त तीन अटी लिहा, एकमेकांचं न बघता. जुळतील त्या ठेवा, उरलेल्यांवर भांडा, पण एकाच बैठकीत. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्राच्या नोबेल मानकऱ्याने १९५० च्या दशकातच सांगून ठेवलंय, की माणूस सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो, आणि तेच व्यवहार्य आहे. स्थळं बघताना किंवा घरं बघताना काहीजण '३७ टक्क्यांचा नियम' सांगतात. पहिली ३७ टक्के नुसती बघायची, मग त्या सगळ्यांपेक्षा सरस पहिलं दिसेल ते घ्यायचं. गणित बरोबर आहे, पण त्यात एकदा सोडलेलं परत मिळत नाही असं गृहीत आहे. फ्लॅट बऱ्याचदा महिन्याने फोन केला तरी तिथेच असतो. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घेत असाल तर रेरा कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

सल्ला सासऱ्यांचा, दिरांचा, सगळ्यांचा घ्या, पण गाळ्यावर सही कोणाची ते आज ठरवा. मुहूर्ताला माझा विरोध नाही, अक्षय्य तृतीया ही चांगली मुदत होऊ शकते. फक्त पितृपक्ष आहे म्हणून बँकेत कागदही न देणं, हे नको. आणि विचार करकरून महिनोन्महिने झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर तो धंद्याचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर, तिथे मराठीतही बोलता येतं.

मशीनबद्दल एवढंच, हळद आणि मिरची एकाच मशीनवर काढणार असाल तर मधल्या सफाईचा वेळ हिशोबात धरा, नाहीतर हळद लाल निघते. पल्व्हरायझर तापला की मिरचीचा रंग आणि वास दोन्ही उतरतात. काही गिऱ्हाईकं डंकाच (मुसळाने कुटणारं यंत्र) मागतील, त्यांना आत्ता बाहेरच पाठवा.

सही करण्याआधी गाळ्याचं ताजं वीजबिल मागवा. साडेसात एचपी म्हणजे जवळपास ५.६ किलोवॅट. कनेक्शन थ्री-फेज आहे का, मंजूर भार (वीज कंपनीने किती किलोवॅट वापरायला परवानगी दिलीय) किती आणि बिल कोणाच्या नावावर, हे तिन्ही इथे टाका. भार वाढवून घ्यावा लागणार असेल तर वरचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.