डिटेक्टिव्हला 'गुप्तहेर' म्हणावं की 'पत्तेदार'?

प्रश्न निपाणीच्या एका ताईंचा आहे. त्या कन्नड रहस्यकथा मराठीत आणतायत. मूळ कथेतला नायक कन्नडमध्ये 'पत्तेदार' आहे, आणि ताईंच्या चिक्कोडीच्या माहेरी असल्या पुस्तकांना सगळे 'पत्तेदारी पुस्तकं'च म्हणत आले. म्हणून अनुवादात त्यांनी तो शब्द तसाच ठेवला. संपादकांनी मात्र तो जिथं-तिथं खोडून 'गुप्तहेर' केला आणि समासात शेरा मारला: 'कन्नड शब्द. मराठी वाचकाला कळणार नाही.' ताई विचारतात, हा शब्द खरंच परका आहे का? 'गुप्तहेर' बरोबर आहे का? आणि पुढच्या कथेत नायिकाच तपास करते, तिला काय म्हणायचं?

ताई, तुमचा शब्द चांगला आहे, आणि संपादकांनी घातलेला शब्द चुकीच्या माणसाला चिकटवलेला आहे. शेऱ्यातलं एवढं खरं की प्रमाण मराठीत 'पत्तेदार' रुळलेला नाही, तो कन्नडमध्ये रुळलाय. पण त्याचा एकूण एक भाग मराठी माणूस रोज तोंडात घोळवतो.

आधी 'गुप्तहेर' बघू. हेर म्हणजे हेरणारा. आपण संधी हेरतो, गर्दीत ओळखीचा चेहरा हेरतो, चोर कुलूप लावलेलं घर हेरून ठेवतो. हेरण्यात नजर आहे, टेहळणी आहे. बहिर्जी नाईकांना आपण हेर म्हणतो ते याच अर्थानं: शत्रूच्या मुलखात ओळख लपवून शिरायचं, बघायचं, ऐकायचं आणि बातमी आपल्या धन्याला आणून द्यायची. हेर मुळातच गुप्त असतो, 'गुप्त' हे विशेषण त्याला वरून दिलेलं आहे. आता शेरलॉक होम्स घ्या. त्याचा बेकर स्ट्रीटचा पत्ता लोकांना ठाऊक आहे, अडलेली माणसं जिना चढून त्याच्याकडे येतात. तोही अधूनमधून वेषांतर करतो, पण त्याचा धंदा उघड आहे. गुन्हा होऊन गेल्यावर तो येतो, मागे उरलेल्या खुणा वाचतो आणि शेवटी काय घडलं ते सगळ्यांसमोर मांडून दाखवतो. हेराला कळलेलं तो फक्त धन्याला सांगतो. डिटेक्टिव्हला कळलेलं जगाला कळावंच लागतं, नाहीतर कथाच संपत नाही.

हा फरक ज्यांना बारीकसारीक वाटतो त्यांच्यासाठी एक नमुना आहे. 'बेल बॉटम' नावाचे दोन सिनेमे आहेत. २०१९ चा कन्नड 'बेल बॉटम', त्यात रिषभ शेट्टीचा दिवाकर. लहानपणापासून पत्तेदारी कादंबऱ्या वाचून डोक्यात तेच भरलेला पोरगा पुढं स्वतः चोऱ्यांचा छडा लावायला निघतो. दुसरा २०२१ चा हिंदी 'बेल बॉटम', त्यात अक्षय कुमार 'रॉ'चा माणूस आहे, विमान अपहरणाच्या मोहिमेवरचा. नाव एकच, कथांचा एकमेकींशी संबंध नाही. बेळगावात दोन्ही भाषांतले सिनेमे बघणारी घरं पुष्कळ आहेत. कन्नड बोलताना त्या घरात पहिला 'पत्तेदार' आणि दुसरा 'गूढचारी' होईल, गोंधळ होणार नाही. तेच घर मराठीत बोलू लागलं की दोघंही 'गुप्तहेर'. एका शब्दावर दोन माणसांचा बोजा आपण टाकलाय तो असा.

हा घोळ आपल्या एकट्याचा नाही. हिंदीत 'जासूस' दोन्ही कामं करतो, आणि तो अरबीतून आलेला शब्द मुळात हेराचाच. (आपल्याकडं त्याचा भाऊ 'जासूद' आला. पेशवाईच्या कागदांत तो बऱ्याचदा नुसती पत्रं पोचवणारा असतो. एवढ्या धावपळीच्या माणसाचा शब्द आपण वापरातून घालवला याची मला हळहळ वाटते.) बंगालीतला 'गोयेंदा' फारसीतल्या 'बोलणारा, सांगणारा' या अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे मुळात खबऱ्या. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी स्वतःला गोयेंदा म्हणवून घेत नाही, डिटेक्टिव्हही नाही. तो 'सत्यान्वेषी' म्हणवतो. दूरदर्शनवर १९९३ साली रजित कपूरचा ब्योमकेश घराघरांत आला तेव्हा हा शब्द आपल्याही कानावर पडला होता. लेखकाला आपल्या भाषेतला चालू शब्द आपल्या नायकाला अपुरा वाटला आणि त्यानं नवा घडवला. ताई, तुम्हाला तर घडवायचीही गरज नाही. शेजारच्या भाषेत तो घडून तयार आहे.

आता त्याची घडण. मराठीत 'दार' लागून झालेले शब्द आठवा: किल्ला-किल्लेदार, सुभा-सुभेदार, ठेका-ठेकेदार, मक्ता-मक्तेदार, मामला-मामलेदार. शेवटचा 'आ' दारापाशी आला की 'ए' होतो. मग पत्ता-पत्तेदार. एक मात्रा इकडची तिकडं नाही. पुढं 'ई' लागली की मक्तेदारी, ठेकेदारी, सुभेदारी आणि पत्तेदारी. कुणी म्हणेल 'दार' म्हणजे बाळगणारा, किल्लेदाराच्या ताब्यात किल्ला असतो, पण पत्तेदाराच्या हातात पत्ता कुठं असतो, तो तर शोधत असतो. मुद्दा रास्त आहे. पण ठेकेदार ठेका बाळगत बसत नाही, तो ते काम अंगावर घेऊन पुरं करतो. मामलेदाराचंही तसंच. पत्ता लावण्याचं काम ज्यानं अंगावर घेतलं तो पत्तेदार, एवढा अर्थ हा प्रत्यय आरामात पेलतो.

आणि 'पत्ता' म्हणजे नुसतं घर नंबर, गल्ली, पिनकोड नव्हे, हे सांगायला नको. थांगपत्ता लागत नाही, कुणाचा पत्ताच नाही, पत्ता लागू दिला नाही. इथं पत्ता म्हणजे मागमूस, ठावठिकाणा. कन्नडमधला 'पत्ते' याच अर्थाचा आहे. 'पत्ते हच्चु' म्हणजे शोधून काढणं. बेळगावच्या बसस्टँडवर हरवलेल्या माणसाचा कागद चिकटवलेला असतो, त्यात कन्नडमध्ये 'नापत्ते' असं वाचायला मिळतं. मराठी बातमीत तोच माणूस 'बेपत्ता' होतो, आणि हिंदीत 'लापता'. ना, बे, ला. नकार तिघींनी वेगवेगळा घेतला, पत्ता मात्र एकच ठेवला. हरवलेला माणूस जर आपल्याला 'बेपत्ता' म्हणून कळतो, तर त्याला शोधून काढणारा 'पत्तेदार' म्हणून न कळायला काय झालं?

'पत्तेदारी कादंबरी' ही अख्खी जोडीच बघा. नॉव्हेलला 'कादंबरी' म्हणणं मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत आहे, हिंदीत तिथं 'उपन्यास' आहे. म्हणजे कन्नड वाचक ज्या दोन शब्दांनी पुस्तक मागतो त्यातला एक आपला आहेच, आणि दुसऱ्याचे सुटे भाग आपले आहेत. खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात माणसं दोन्ही भाषांत बाजार करतात, भांडतात, सोयरीक जमवतात. तिथं असा शब्द इकडून तिकडं गेला की तिकडून इकडं आला, हे शोधत बसण्यात मला गोडी नाही. तो दोन्हीकडच्या लोकांना कळतो हे पुरे.

अनुवादात मला याहून महत्त्वाची वाटते ती क्रियापदं. नायकाला नाव काय द्यायचं यावर आपण वाद घालतो आणि तो जे करतो त्याला सरसकट 'शोध घेतला' म्हणून मोकळे होतो. मराठीत तपासाच्या एकेका पायरीला वेगळा शब्द आहे. सुगावा लागतो तो अगदी आधी: नक्की काही माहीत नसतं, पण वास आलेला असतो. धागेदोरे मिळतात म्हणजे हाताला काही वस्तू, साक्ष, कागद लागलेला असतो. माग काढायचा तो हलणाऱ्या माणसाचा, पावलांवरून, गाडीवरून, हल्ली मोबाइलच्या टॉवरवरून. पत्ता लागतो तो माणसाचा किंवा मालाचा. छडा लावायचा तो प्रकरणाचा, मुळापर्यंत जाऊन. आणि उकल होते ती गुंत्याची, सगळं कळल्यावर. 'पोलिसांना चोराचा छडा लागला' हे वाक्य कानाला खटकतं, कारण चोराचा पत्ता लागतो आणि चोरीचा छडा. कन्नडमधलं एकच 'पत्ते हच्चिदरु' तुम्हाला मराठीत संदर्भ बघून तीन-चार तऱ्हांनी आणावं लागेल. तिथं मूळ शब्दाला चिकटून राहू नका.

'दृश्यम' बघताना हे फार चांगलं कळतं. मूळ मल्याळम २०१३ चा, कन्नडमध्ये 'दृश्य' नावानं आला, हिंदीत निशिकांत कामतांनी २०१५ साली गोव्याच्या पार्श्वभूमीवर केला. त्यात व्यवसायानं डिटेक्टिव्ह असा कुणी नाही. पोलिसांना सुगावा लागलेला आहे, संशयित समोर बसलेला आहे, घरातल्या लहान पोरीलासुद्धा बोलतं केलं जातं. पण प्रेताचा पत्ता काही लागत नाही. सगळा सिनेमा सुगावा आणि पत्ता या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडतो. 'गुप्तहेर' या शब्दाला तिथं कुठंच जागा नाही.

पोलिसांचं म्हणाल तर तिथं 'पत्तेदार'ही घालू नका. आशुतोष गोवारीकरांनी 'मानवत मर्डर्स' या २०२४ च्या मराठी मालिकेत रमाकांत कुलकर्णींची भूमिका केली. परभणी जिल्ह्यातल्या त्या खुनांचा तपास करणारे ते पोलिस अधिकारी होते. त्यांना तपास अधिकारी म्हणावं. महाराष्ट्र पोलिसांच्या कागदोपत्री 'तपासी अंमलदार' असा भारदस्त शब्द आहे, संवादात जड होतो पण कोर्टाच्या प्रसंगात शोभेल. तुमच्या कन्नड कथेत तिथं 'तनिखाधिकारी' असेल. 'तनिखे' म्हणजे तपास. सरकारी मराठीनं एक फरक मात्र नीट पाळलाय, तो उचलण्यासारखा आहे: बातम्या गोळा करणारा तो राज्य गुप्तवार्ता विभाग, आणि गुन्ह्याच्या मुळाशी जाणारा तो गुन्हे अन्वेषण विभाग. 'गुप्त' एकीकडं, 'अन्वेषण' दुसरीकडं. कथा-कादंबऱ्यांनी मात्र हा फरक उचलला नाही, आणि वर्तमानपत्रंही 'खासगी गुप्तहेर'च छापतात.

जाता जाता, कन्नड पोलिसी कथेत 'महजर' हा शब्द भेटला तर दचकू नका. शिवकालीन कागदपत्रं चाळलेल्या मराठी माणसाला तो ओळखीचा आहे, पण तिथं तो निवाड्याचा कागद असतो. कर्नाटकातल्या पोलिस ठाण्यात तो पंचनामा आहे. मराठीत सरळ पंचनामाच लिहा. ठाणे, आरोपी, जामीन हे शब्द दोन्हीकडं जवळपास तेच आहेत, 'दूरु' असेल तिथं प्रसंग बघून तक्रार किंवा फिर्याद.

आता संपादकांची खरी अडचण. पुण्या-नागपुरातल्या वाचकाला 'पत्तेदार' वाचून खेळायचे पत्ते आठवतील, किंवा घाईत तो 'पट्टेदार' वाचेल आणि वाघ डोळ्यांसमोर येईल. ही भीती खोटी नाही. पण ती एका वाक्यात मिटते. पहिल्याच प्रकरणात नायकाची ओळख अशी करून द्या: 'हरवलेल्या माणसांचा, गेलेल्या मालाचा पत्ता लावून देणं हा त्याचा धंदा. गावात त्याला पत्तेदारच म्हणत.' यानंतर वाचक कुठंही अडखळणार नाही. कंसात 'डिटेक्टिव्ह' लिहू नका, तळटीपही नको. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र 'रहस्यकथा' असू द्या. बाबूराव अर्नाळकरांपासून मराठी वाचक त्याच नावानं हे पुस्तक हातात घेत आलाय, आणि दुकानात ते सापडायलाही हवं. अख्खी कथा बंगळूरमध्ये घडत असेल आणि नायक स्वतःच्या पाटीवर इंग्रजीत 'डिटेक्टिव्ह' मिरवत असेल, तर तिथं 'डिटेक्टिव्ह'च ठेवा. तो शब्द मराठी वाचकाला परका नाही, आणि 'गुप्तहेर'पेक्षा तो शंभर पटीनं बरा.

राहिली नायिका. 'पत्तेदारीण' करू नका. 'दार'वाले हुद्द्याचे शब्द मराठीत बाईलाही तसेच लागतात: आमदार बाई आल्या, मामलेदार मॅडम रजेवर आहेत. तशीच ती पत्तेदार. क्रियापद स्त्रीलिंगी आलं की काम झालं: 'पत्तेदार दुपारच्या गाडीनं खानापूरला उतरली.' गावातली माणसं तिच्याशी बोलताना 'पत्तेदार बाई' म्हणतील, वयानं लहान असेल तर 'पत्तेदार ताई'. आणि तिच्याबद्दल मागं बोलणारा कुणी खट म्हातारा तिला हेर म्हणाला तर ते ठेवा. ती आपल्यावर पाळत ठेवतेय असं त्याला वाटतंय, आणि त्या संशयाला 'हेर' हाच शब्द नेमका बसतो.