दोन गुडघे आणि पन्नास शेअर

पैशांवरून घरात बोलणं अडलं की माणसं माझ्याकडे येतात. या काकू पहिल्यांदा एकट्याच आल्या. रिक्षातून उतरून माझ्या दारापर्यंत जेमतेम तीन पायऱ्या आहेत, पण त्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली. खुर्चीत टेकल्यावर म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे पैसे नाहीत असं नाही. आहेत. पण त्यांना हात लावायचा नाही. यावर काही औषध आहे का?"

दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून तीन वर्षं झाली होती. घर चरईत, दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. कौपिनेश्वराचं देऊळ इतकं जवळ, पण वर्षभरात तिथं जाणं झालं नव्हतं. आरोग्यविमा कधी घेतलाच नव्हता. काकांकडे शेअर मात्र होते, चांगल्या कंपन्यांचे, चाळीसेक वर्षं सांभाळलेले. "हे म्हणतात शेअर विकायचे नसतात. तो अमेरिकेतला मोठा गुंतवणूकदार, वॉरन बफे, विकत नाही, म्हणून हे पण विकणार नाहीत."

(दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ठाण्यात अशी घरं पुष्कळ आहेत. पोटाला चिमटा काढून जमवलं, आणि आता वापरायची वेळ आली तर हात धजावत नाही. चिंता बहुतेक एकाच वाक्यात येते: विकले आणि पुढे कमी पडले तर? मुलं याला कंजूषपणा म्हणतात. मला तो शब्द अजिबात पटत नाही. त्या शब्दामुळे माणूस मिटून जातो, आणि मग बोलणंच होत नाही.

पुढच्या आठवड्यात काका आले. वय चौऱ्याहत्तर, हातात कापडी पिशवी, पिशवीत लांबट आकाराची वही. मी शेअर विकण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिले शेअर कधी घेतले, एवढंच विचारलं.

त्यावर काका दीड तास बोलले. 1973 च्या परकीय चलनाच्या कायद्यामुळे, म्हणजे फेरामुळे, बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणावा लागला आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांचे शेअर आपल्या लोकांसाठी खुले झाले. भाव सरकारी नियंत्रकाने ठरवून दिलेला, म्हणजे स्वस्तच. काका तेव्हा वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. सोसायटीतून कर्ज काढून त्यांनी पन्नास शेअर घेतले. काकूंनी त्या वर्षी दिवाळीला साडी घेतली नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"कारखान्यात मी मस्टरवर सही करणारा," ते म्हणाले. "पण वर्षातून एकदा अर्धी रजा टाकून मी सभेला जायचो. मरीन लाइन्सला, बिर्ला मातोश्रीत. चेअरमन स्टेजवरून भागधारकांना नमस्कार करायचे, तो मला पण असायचा. मी मालक होतो, ताई. पन्नास शेअरचा का होईना."

नव्वदच्या दशकात त्यांचा कारखाना बंद पडला. देणं हातात पडायला वर्षं गेली. आज तिथं काचेची इमारत उभी आहे. नोकरी गेली, पण शेअर राहिले, कंपनीने फुकट दिलेले बोनस शेअर मिळत मिळत हजारावर गेले. मग 2020 मध्ये कोविड आला आणि सभा पडद्यावर गेल्या. काका म्हणाले, "आता मोबाइलवर लिंक येते." त्यानंतर ते बराच वेळ वहीची कड दाबत बसले.

मला तिथं गाठ दिसली. त्यांना पैसे साठवून ठेवायचे नव्हते. शेअर विकले की आपण पुन्हा नुसते मस्टरवरचे, असं त्यांना आत कुठेतरी वाटत होतं. अशा माणसाला बाजाराचे आकडे सांगून काय होणार? त्यांच्या मालकीपणाचा मान राखूनच पुढे जायला हवं होतं.

मग आम्ही बफेंकडे वळलो. काकांना त्यांची गोष्ट पाठ होती: अकराव्या वर्षी 38 डॉलरला पहिला शेअर घेतला, तो 27 पर्यंत पडला, 40 ला विकून टाकला, आणि पुढे तो दोनशेवर गेला. "म्हणून विकायचं नाही," काका म्हणाले. मी त्यांच्यासाठी बफेंनी 2012 सालासाठी भागधारकांना लिहिलेलं पत्र छापून ठेवलं होतं. बफेंची कंपनी बर्कशायर लाभांश देत नाही, त्यांच्या हाती आल्यापासून 1967 मध्ये एकदाच दिला. मग ज्या भागधारकाला घरखर्चाला पैसे लागतात त्याने काय करायचं? पत्रात हिशेब मांडला आहे: चांगल्या, वाढत्या कंपनीचे थोडेसे शेअर दरवर्षी विकावेत. उदाहरण 3.2 टक्क्यांचं आहे. पुढे ते स्वतःचं सांगतात. सात वर्षं दरवर्षी सुमारे सव्वाचार टक्के शेअर ते दान करत आले होते. शेअरांची संख्या घटली, पण उरलेल्यांचं पुस्तकी मूल्य, म्हणजे कंपनीच्या हिशेबातली किंमत, आधीच्या सगळ्यांपेक्षा वाढलेलं होतं.

काकांनी तो परिच्छेद बोट ठेवून दोनदा वाचला. "म्हणजे विकूनसुद्धा मालकच."

"तुम्ही वहीत बघा," मी म्हटलं. "पहिले पन्नास कुठे आहेत?"

वही उघडली. ते पन्नास वेगळ्या पानावर, लाल शाईत. ऑपरेशनला लागणारे शेअर बोनसमधून सहज निघत होते. लाल पानाला हात लावायची गरजच नव्हती.

उरली ती भीती कराची. "निम्मं सरकारच नेईल," असं ते कुठून तरी ऐकून होते. मी कर-सल्लागार नाही, म्हणून त्यांना नौपाड्यातल्या एका सीएंकडे पाठवलं. तिथं कळलं की शेअर बाजारात विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावर जुलै 2024 पासून साडेबारा टक्के कर आहे, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. आणि इतक्या जुन्या शेअरांना 31 जानेवारी 2018 चा भाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो, त्यामुळे नफा त्यांना वाटत होता त्याहून बराच कमी निघाला.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला वाटतं खरा धक्का तोच होता. एका कंपनीचे थोडे शेअर कागदी होते, पत्ता कळव्याच्या जुन्या चाळीचा. सलग सात वर्षं लाभांश उचलला गेला नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते सरकारच्या गुंतवणूकदार निधीत गेले होते. अर्ज करून परत मिळतात, तो अर्ज केला आहे. काका मला फोनवर म्हणाले, "मी एकही विकला नाही, तरी हे माझ्या हातातून गेले." मी काही बोलले नाही.

नॉमिनीचंही झालं. मुलाचं नाव लावलं की झालं, असा त्यांचा समज होता. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरांच्या बाबतीत स्पष्ट केलं आहे की नॉमिनी मालक होत नाही, वारसा हक्काने ठरतो. ऐरोलीच्या मुलीलाही वाटा द्यायचा होता, म्हणून मृत्युपत्र केलं. काकूंच्या तहहयात खर्चाची ओळ त्यात काकांनीच घालायला लावली.

उजवा गुडघा फेब्रुवारीत झाला. डावा एप्रिलमध्ये, म्हणजे सव्वा लाखाची सूट दोन्ही आर्थिक वर्षांत मिळाली. ती तारीख डॉक्टरांना विचारून काकूंनीच ठरवली.

जूनमध्ये दोघं भेटायला आले. काठी होती, पण काकू तिन्ही पायऱ्या थांबल्याशिवाय चढल्या. काकांनी वही उघडून दाखवली. विक्रीच्या रकान्यात काहीच नव्हतं. दोन्ही ऑपरेशनांची रक्कम त्यांनी लाभांशाच्या रकान्यात लिहिली होती, आणि समोर काकूंचं नाव.