ब्रेमारजवळचा पहिला हिवाळा

तुम्ही स्कॉटलंडमधल्या ब्रेमारजवळ घर घेताय, म्हणून आत्ताच सांगते. त्या गावात 10 जानेवारी 1982 रोजी पारा उणे 27.2 अंशांवर उतरला होता. दरवर्षी तसं होत नाही, पण तयारी ऑक्टोबरातच उरकून घ्या.

तुमचं हीटिंग तेलावरचं आहे. टाकी निम्म्यावर आली की लगेच तेल मागवा. बर्फ पडल्यावर टँकर चढावर येईलच असं नाही, आणि तेव्हा सगळ्यांनाच घाई असते.

खरी काळजी विजेची. नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात ईशान्य स्कॉटलंडमधली कित्येक घरं अनेक दिवस अंधारात होती. वीज गेली की तेलाचा बॉयलरही बंद पडतो, हे नवख्यांच्या ध्यानातच येत नाही. त्यामुळे लाकडाची शेगडी हवीच. धुराडं हिवाळ्याआधी साफ करून घ्या, लाकडं छपराखाली ठेवा. ओली लाकडं नुसता धूर करतात. वीज गेल्याचं कळवायला 105 नंबर. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर वीज कंपनीच्या प्राधान्य यादीत नाव घाला, पैसे पडत नाहीत.

गाडीच्या गोठलेल्या काचेवर गरम पाणी अजिबात ओतू नका, तडकते. गाडीत फावडं आणि जाड पांघरूण असू द्या. कॉकब्रिज ते टॉमिनटॉल रस्त्यावर बर्फामुळे वाहतूक अडवायचं फाटक बंद दिसलं तर मुकाट्याने मागे फिरा.

आणि शेजाऱ्यांशी बर्फ पडायच्या आधीच ओळख करा. ट्रॅक्टर त्यांच्याकडेच असतो.